इंजिन चालू ठेवून

शनिवार, ९ मार्च २०१९

शाळेची बस बाहेर काढण्याआधी तिच्याभोवती फेरी मारायची, टायर, दिवे, ब्रेक, आरसे बघायचे आणि लिहून ठेवायचं, हे मी अर्धं आयुष्य केलं. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतेय. मग तपासणार काय? म्हणून आजपासून स्वतःलाच तपासते. डावा गुडघा कुरकुरतो. डोळे ठीक. आवाज खणखणीत, स्टॉकटनमधली कुठलीही पोरं साक्ष देतील. मन मात्र तापलेलं, आणि ते तापवणारा नेहमीचाच, माझा भाऊ.

आज तुरुंगात त्याच्या भेटीला गेले होते. डेल्विन अठ्ठेचाळीसचा व्हायला आला, केस माझ्याहून जास्त पिकलेत. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याचे दात, ताप, शाळा सगळं मीच निस्तरलं, त्यामुळे तो मला बहीण कमी आणि पोलीस जास्त समजतो. भेटीच्या खोलीतल्या यंत्रातून काढलेला बरीटोचा रोल खात खात तो म्हणाला, जानेवारीपासून कायदा बदललाय, मी इथल्या वाचनालयात बसून अर्ज केला, आणि कोर्टाने मला वकील दिलाय. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं. माझ्या हातातली कॉफी सांडली.

ज्याला सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. हर्शेल नावाच्या मित्राने त्याला गळ घातली. नदीकाठी मिस्टर आझेवेदोंचं दुकान होतं, मासेमारीचं आमिष आणि बियर विकणारं. तो म्हणाला, मी गल्ला उचलून आणतो, तू नुसता गाडीत बस. गाडी माझी, तपकिरी ब्यूक, मला न विचारता नेलेली. डेल्विन बसला. बसला तिथेच तो चोर झाला, हे मी कधी नाकारलं नाही आणि त्यानेही नाही. हर्शेलच्या खिशात पिस्तूल आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं. आत गोळी सुटली. आता बघा, इंजिन चालू, हात स्टिअरिंगच्या चाकावर, रस्ता मोकळा. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? माझा भाऊ उतरला आणि दुकानात गेला. हर्शेल बाहेर आला, माझ्या गाडीत बसला आणि पसार झाला. पोलीस आले तेव्हा डेल्विन उघड्या अंगाने जमिनीवर बसलेला. मी इस्टरला घेतलेला निळ्या रेघांचा शर्ट त्याने दुकानदाराच्या छातीवर दाबून धरला होता. मिस्टर आझेवेदो वाचले नाहीत. ब्यूक कालव्यात सापडली.

तेव्हाचा कायदा म्हणायचा, दरोड्यात माणूस मेला की दरोड्यातले सगळे खुनी, मग गोळी कुणीही झाडो. हर्शेलला जन्मठेप, यालाही जन्मठेप. हर्शेल आत असतानाच वारला. पॅरोलवाल्यांनी डेल्विनला दोनदा परत पाठवलं.

मी त्याला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा हाच होता. इंजिन चालू असताना ड्रायव्हरने चाक सोडायचं नाही. मागे पोरं एकमेकांची डोकी फोडत असली तरी आधी थांब, इंजिन बंद कर, चावी खिशात घाल, मग उठ. एवढं ऐकलं असतं तर ना तो सापडला असता, ना माझी ब्यूक बुडाली असती. हे मी त्याला दर भेटीत सांगते. आजही सांगितलं. तो म्हणाला, "हो टीनी," आणि दुसरा बरीटो मागितला.

गुरुवार, ११ एप्रिल

वकीलबाईंना भेटले. मारिसेल अगबायानी. माझ्या बसमध्ये असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं, इतकी लहान दिसते. तिचे आजोबा इथल्या शतावरीच्या शेतात राबायला फिलिपीन्सहून आले होते, हे तिने आपणहून सांगितलं. माझे वडील लुईझियानाहून बंदरात कामाला आले, हे मी सांगितलं. मग आम्ही कामाला लागलो.

तिने मला नवा कायदा समजावला. दरोड्यात जो होता तो आता आपोआप खुनी ठरत नाही. गोळी त्याने झाडली का? मारायचा त्याचा इरादा होता का? दोन्ही नसेल तर तिसरं बघतात: दरोड्यात त्याचा मोठा हात होता का, आणि माणसाच्या जिवाची त्याला काडीचीही पर्वा नव्हती का? सरकारी वकील म्हणणार, गाडी याने चालवली, हर्शेल किती भडक डोक्याचा हे याला माहीत होतं, म्हणजे मोठा हात आणि पर्वा शून्य. जजला तसं वाटलं नाही तर खुनाची शिक्षा रद्द होईल, नुसत्या दरोड्याची उरेल, आणि ती त्याने केव्हाच भोगून झालीय.

मी म्हणाले, मग सोपं आहे, तो गाडीतून उतरलाच नाही असं म्हणा. आत गेलाच नाही म्हटलं की त्याचा हात निम्मा कमी झाला. शर्टाचं काय, तर तो हर्शेलने त्याच्या अंगावरून ओढून नेला म्हणता येईल.

तिने पेन खाली ठेवलं. "मिस टीन, तो उतरला हेच तर मला हवंय."

मी तिला समजावलं की आत जाणं म्हणजे गुन्ह्यात आणखी पाय घालणं, हे बस चालवणाऱ्या बाईलाही कळतं. ती हसली आणि म्हणाली की तुम्हाला साक्षीला बोलावणार आहे, त्याला गाडी कुणी शिकवली एवढंच विचारेन. पोरगी चांगली आहे पण कच्ची आहे. कोर्टाने फुकट दिलेला वकील, अजून काय मिळणार. रविवारी चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना सांगायला हवी.

शनिवार, ४ मे

ह्यूस्टनहून क्लोटिलचा फोन. माझी चुलत बहीण. दर तीन वर्षांनी गिलोरींचा, म्हणजे आमच्या घराण्याचा मेळावा भरतो आणि यंदाची समितीप्रमुख ती आहे, ही गोष्ट ती नमस्काराच्याही आधी सांगते. मेळावा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, आमच्याच गावात, नदीकाठच्या बागेत. बटाट्याचं सॅलड कुणी करायचं यावरून अर्धा तास गेला. नात्यातल्या बेव्हर्लीच्या सुनेने मागच्या वेळी त्यात मनुका घातल्या होत्या, तेव्हा यंदा तिला पेले आणि बर्फ आणायला सांगितलंय.

मग टी-शर्टचं निघालं. दरवेळी सगळ्यांचा एकच रंग, पुढे आडनाव, मागे सगळ्यांची नावं. क्लोटिल म्हणाली, यंदा निळा.

मी तिथेच थांबवलं. तिला म्हटलं, तुरुंगात भेटीला जाणारी कुठलीही बाई निळा घालत नाही. कैदी निळ्यात, पहारेकरी हिरव्यात, म्हणून आम्ही दोन्ही टाळायचे, नाहीतर फाटकावरूनच परत पाठवतात. नवीन बायका चुकतात, म्हणून जुन्या बायका गाडीच्या डिकीत एक जादा झगा ठेवतात. माझ्या कपाटात सत्तावीस वर्षांत निळी चिंधी आलेली नाही, आणि तू माझ्या अख्ख्या घराण्याला कैद्यांच्या कपड्यात उभं करणार?

तिच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं वाटलं होतं. पण ती उगाच शांत होती. "रंग मी निवडलेला नाही, टीन. निवडणाऱ्या माणसाला मी शब्द दिलाय. जास्त विचारू नकोस."

म्हणजे बेव्हर्ली. मनुकांचा सूड. मी फोन ठेवला आणि बाजारात जाऊन दोन पिवळे टी-शर्ट छापायला टाकले, एक मला, एक डेल्विनला. तो येवो न येवो, त्याचा शर्ट दर मेळाव्याला मी करतेच. मागच्या नावांतही तो असतो, त्यावर मी कधी कुणाला ब्र काढू दिलेला नाही.

शुक्रवार, ३१ मे

शेवटची फेरी. पोरांनी बसला फुगे बांधले होते, आरसे झाकून. आधी ते काढायला लावले, मग रडले. डेपोत बस उभी केली, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली, आणि मग आठवलं की ती चावी आता माझी नाही. व्यवस्थापकाने हात पुढे केला होता. मी त्याला जरा वाट बघायला लावली.

रविवार, १६ जून

आज फादर्स डे, भेटीच्या खोलीत पोरांची जत्रा. आमच्या शेजारच्या टेबलावर एक बाप लेकीकडून वेणी घालून घेत होता, आणि त्याच्या डोक्यावर जेमतेम बोटभर केस. मी खूप हसले. मग भांडले.

मी डेल्विनला सरळ सांगितलं की कोर्टात म्हण, मी गाडीतच होतो. मीही तेच म्हणणार आहे, मी शिकवलेला माणूस चाक सोडून जात नाही म्हणून. सत्तावीस वर्षं झाली, कुणाला काय आठवतंय.

तो चिडत नाही, हीच मोठी पंचाईत. पत्ते पिसत राहिला. "टीनी, मी उतरलो होतो. ते माणूस जमिनीवर पडलं होतं. मी तिथे होतो एवढी एकच गोष्ट त्या दिवशीची मला सांगता येण्यासारखी आहे. ती पण तू काढून घेणार?"

मी म्हणाले, मी तुला घरी न्यायला बघतेय. तो म्हणाला, मग खोटं बोलणार नाही असा शब्द दे. मी दिला नाही. मला शब्द मोडायचा कंटाळा आहे, म्हणून मी देतच नाही. वेळ संपायच्या आधीच उठले, जे मी आजवर कधी केलं नव्हतं. दारातून वळून पाहिलं तर त्याने हात केला. मी पण केला, पण छोटा.

निघण्याआधी मेळाव्याच्या निळ्या रंगाची तक्रारही करून झाली होती. त्यावर मात्र तो गालातल्या गालात हसत होता. यात हसण्यासारखं काय आहे ते त्याचं त्याला ठाऊक.

शनिवार, २० जुलै

त्याला सुनावणीसाठी गावातल्या तुरुंगात आणलंय. माझ्या स्वयंपाकघरापासून गाडीने एक गाणं संपेपर्यंतचं अंतर. इतका जवळ तो आत गेल्यापासून कधी नव्हता. भेंडी आणली, गंबो, म्हणजे आमचं लुईझियानाचं घट्ट कालवण, करून गोठवून ठेवला, कुणासाठी ते भांड्यावर लिहिलं नाही. सुनावणी सोमवारी, २९ तारखेला.

पाद्री म्हणाले, देवावर सोपव. मी म्हणाले, सोपवलंय, पण चाकावर एक हात माझाही असू द्या.

सोमवार, २९ जुलै

गुडघे गेले. आवाज गेला. बाकी काय तपासू?

मीच बुडवलं त्याला. आता शांतपणे लिहिते.

आधी डेल्विन बोलला. अंगावर मी पाठवलेला राखाडी सूट, खांद्यात सैल. गाडी कुणाची, हर्शेल काय म्हणाला, गोळी कशी ऐकू आली, सगळं खरं सांगितलं, स्वतःला न वाचवता. वकीलबाईने विचारलं, आत गेल्यावर काय केलंस? तो म्हणाला, दुकानातल्या फोनवरून मदत बोलावली आणि मिस्टर आझेवेदोंच्या छातीवर शर्ट दाबून बसलो. ते काही बोलले का? तो म्हणाला, हो, आमिषाच्या जिवंत माशांच्या टाकीतला हवेचा पंप बंद पडलाय म्हणाले. हर्शेलने टाकीची वायर पायाने उडवली होती. ते परत परत तेच म्हणत होते, मासे मरतील, मासे मरतील. म्हणून मी एका हाताने शर्ट धरला आणि दुसऱ्याने वायर लावली. पाण्यात बुडबुडे यायला लागले तसे ते गप्प झाले आणि माझा हात धरून राहिले.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि त्याच श्वासात रडलं. मी रागाने वळून पाहिलं. ती मिस्टर आझेवेदोंची लेक होती, लुसिंडा. तेव्हा शाळकरी, आता चाळिशीच्या आसपासची. मान खाली घालून बसलेली.

मग मला बोलावलं. मी सगळं घोकून ठेवलं होतं. वकीलबाईने विचारलं, याला गाडी कुणी शिकवली? मी. पहिला नियम कोणता? मी सांगितला, खणखणीत आवाजात. त्याने तो पाळला का? आता म्हणायचं होतं, कायम पाळला, माझा भाऊ चाक सोडून जाणाऱ्यातला नाही. म्हणायला लागले देखील. "कायम पाळला." आणि तेवढ्यात ती ब्यूक माझ्या डोळ्यांपुढे आली, कालव्यातून साखळीने ओढून काढलेली, खिडक्यांतून पाणी गळणारी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढचं तोंडातून निघूनच गेलं.

"एकदा सोडून. एकदाच मोडला, आणि इतका मोडला की चावीसुद्धा काढली नाही या मूर्खाने. गोळीचा आवाज येतोय, पळायला रस्ता मोकळा आहे, आणि हा आवाजाच्या दिशेने गेला. असं कोण जातं?"

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. वकीलबाई म्हणाली, आणखी काही विचारायचं नाही, आणि ती निर्लज्जपणे हसत होती. सरकारी वकिलाने विचारलं, म्हणजे ते आत गेले हे तुम्ही मान्य करता? मी म्हणाले, मी ब्यूकचा हप्ता भरत होते, मान्य न करून सांगू कोणाला? त्यानेही पुढे काही विचारलं नाही. डेल्विनकडे बघवेना. पाहिलं तर तो डोळे पुसत होता. त्याच्या पदरात मी हे टाकलं.

शेवटी लुसिंडाला बोलू दिलं. ती म्हणाली, मी जे गमावलं ते मला परत मिळणार नाही, आणि कोर्टाने काय करावं ते मी सांगणार नाही. इतकी वर्षं मला एकच प्रश्न होता, बाबा एकटे होते का. "मासे मरतील म्हणाले ना? ते बाबाच. माझ्या बारशालासुद्धा आधी पंप बघून आले होते." मग ती डेल्विनकडे बघत म्हणाली, वायर लावलीत, ते बरं केलंत. आणि बसली. सत्तावीस वर्षांत जितकं वाईट वाटून घ्यायला हवं होतं तितकं मला मिस्टर आझेवेदोंचं तेव्हा वाटलं. मी नेहमी माझ्या भावासाठीच रडत आले.

निकाल बुधवारी. गोठवलेल्या गंबोकडे बघवत नाही.

बुधवार, ३१ जुलै

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफी.

जज चष्मा लावून वाचत होत्या. वाचन लांबलं, मला निम्मं कळलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि कागद सोडून बोलल्या. दरोड्यात या माणसाचा हात होता, त्याची शिक्षा त्याने भोगली. पण जिवाची पर्वा नव्हती असं मी कसं म्हणू? त्याच्याजवळ चालू गाडी होती आणि मोकळा रस्ता होता. त्याच्या बहिणीने विचारलं की गोळीच्या आवाजाच्या दिशेने कोण जातं. त्याचं उत्तर असं की ज्याला पर्वा असते तो जातो. खुनाची शिक्षा रद्द.

माझ्याच तोंडचा प्रश्न. मी तो दर भेटीला त्याच्या तोंडावर फेकला होता. सत्तावीस वर्षं मी माझ्या भावाला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामासाठी रागावत आले, आणि तो बरीटो खात "हो टीनी" म्हणत राहिला.

बाहेर आल्यावर वकीलबाईला मिठी मारली. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले असं मेळाव्यासाठी आलेली क्लोटिल म्हणते. मी तिला विचारलं, मी हे बोलणार हे तुला कसं कळलं? ती म्हणाली, "मिस टीन, एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसात तुम्ही ब्यूकबद्दल अर्धा तास बोलला होतात. तुम्ही खोटं बोलायचं ठरवलं तरी ती गाडी तुम्हाला बोलू देणार नाही, एवढा मला विश्वास होता." कच्ची आहे म्हणे. कुणी म्हटलं होतं ते खोडते.

शुक्रवार, २ ऑगस्ट

कागद इकडून तिकडे जायला दोन दिवस लागले. आज दुपारी सुटला.

मी फाटकासमोर गाडी लावून बसले होते, एसी हवा म्हणून इंजिन चालू. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. किती तरी माणसं बाहेर आली, प्रत्येकाला घ्यायला कुणी ना कुणी. मग एक उंच माणूस कागदाची पिशवी घेऊन बाहेर आला आणि ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात कपाळावर धरून इकडेतिकडे बघू लागला. लहानपणी शाळेच्या फाटकात असाच उभा राहायचा, मला शोधत.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी त्याला धरलं होतं, त्याने मला धरलं होतं, आणि त्याच्या अंगाला तुरुंगाच्या साबणाचा वास होता. मागून कुणीतरी ओरडत होतं. वळून बघते तर माझी गाडी, दार सताड उघडं, आपली आपण सरकत जाऊन कण्हेरीच्या झुडपात शिरलेली, आणि एक तरुण पहारेकरी आत वाकून ब्रेक लावतोय. तो चावी घेऊन आला, लाल चेहऱ्याने.

"बाई, इंजिन चालू ठेवून कुणी उतरतं का?"

"आमच्या घरात उतरतात," मी म्हणाले.

डेल्विन खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. हसत होता. पहारेकरी बिचारा आमच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग तोही हसला, कारण समजलं नाही तरी.

घरी येऊन त्याने गंबोचे तीन वाडगे खाल्ले. दार उघडून बाहेर जायचा, पायरीवर उभा राहायचा, परत आत यायचा. कुणाला विचारावं लागत नाही हे तपासत होता. मी वाडगे विसळत राहिले. तपासणी करणाऱ्याला मध्ये बोललेलं खपत नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट

गुडघा कुरकुरत नाही. किंवा कुरकुरत असेल, ऐकलं नाही.

सकाळी मी पिवळा टी-शर्ट घातला आणि त्याचा पलंगावर ठेवला. तो म्हणाला, तू पुढे हो, क्लोटिलच्या नवऱ्यासोबत येतो. बागेत पोचले तर अख्खं घराणं निळं. शेगड्यांपाशी निळे, सावलीत निळे, झोक्यावर निळे, मनुकावाली सून बर्फाच्या पेटीवर बसलेली, तीही निळी. ह्यूस्टनचे, ओकलंडचे, लेक चार्ल्सचे, सगळे. हे बघून त्याला काय वाटेल? क्लोटिलला म्हटलं, निदान आजच्या दिवशी तरी.

"तू त्यालाच विचार," ती म्हणाली.

तो गाडीतून उतरला. निळ्यात. पाठीवर सगळ्यांची नावं, आणि मधोमध त्याचं. मी धावत गेले. म्हटलं, हे तुला कुणी घालायला लावलं? तो म्हणाला, कुणी नाही, रंग मीच निवडला. वसंतात क्लोटिलने पत्र पाठवून विचारलं होतं.

"निळाच का रे?"

"कारण सगळे निळे असले की मी कुठला ते कुणाला ओळखू येणार नाही, टीनी. मला एक दिवस तसा हवा होता."

मग ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं अशी पोरंसुद्धा. कुणी शेगडीवर भाजलेल्या बरगड्या भरवत होतं, कुणी फोटो काढत होतं. बेव्हर्लीने सॅलड वाढलं, मनुका नसल्याची शपथ घेऊन. क्षणभर मला खरंच तो कुठला ते कळेना. ऐंशी निळ्या पाठी, आणि त्यांतली एक माझी. मी टेबलाच्या या बाजूला उभी राहिले, पिवळी, हातात पर्स गच्च धरून, भेटीच्या खोलीत उभी राहते तशी.

त्याने मला पाहिलं. कागदी ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे चालत आला. मी त्याला पलीकडून माझ्याकडे चालत येताना किती वेळा पाहिलंय, पण दरवेळी मध्ये टेबल असायचं. आज त्याने टेबलाला वळसा घातला. त्याच्या मागे क्लोटिल, हातात घडी केलेला निळा शर्ट, माझ्या मापाचा. तो तिच्याकडे मे महिन्यापासून होता.

डेल्विनने तो घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"भेटीची वेळ संपली, टीनी. आता तू पण ये."

मी पर्स गवतावर टाकली आणि तो निळा शर्ट पिवळ्यावरूनच डोक्यातून घातला. मान अडकली. त्याने ओढून नीट केला, मी त्याचे शर्ट लहानपणी करायचे तसा.